लोडर पडला तरी कोड शून्य! एक्झिट कोड नक्की कसे मागायचे?

घणसोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विभागात बऱ्याच काळाने लिहितोय, सांभाळून घ्या. कमांडी देवनागरीतच टंकल्या आहेत.

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत. धंदा कंटेनर वाहतुकीचा, न्हावा शेवा बंदर आणि आसपासची सीएफएस (कंटेनर भरायची-रिकामी करायची) यार्डं यांच्यात गाड्या फिरतात. रोज रात्री यार्डांकडून सीएसव्ही फाइली येतात. कुठला कंटेनर आत आला, कुठला बाहेर गेला, सील नंबर, गाडी नंबर वगैरे. एक लोडर प्रोग्रॅम त्या डेटाबेसमध्ये भरतो, पुढची पायरी त्या फाइली 'झालेल्या' फोल्डरमध्ये हलवते आणि पहाटे रिपोर्ट निघतो. तो बघून गाड्या सुटतात.

लोडर बाहेरच्या व्हेंडरचा (नाव विचारू नका). परवा रात्री त्याला डेटाबेसचं कनेक्शन मिळालं नाही. त्याने स्क्रीनवर हातभर एरर छापली आणि एक्झिट कोड दिला शून्य. पुढच्या पायरीला वाटलं काम फत्ते. तिने फाइली उचलून 'झालेल्या'त टाकल्या. रिपोर्ट कोरा. पहाटे उरणच्या यार्डातून सुपरवायझरचा फोन, आणि त्याची भाषा इथे लिहिली तर धागा उडेल.

व्हेंडर म्हणतो, "लॉगमध्ये एरर होती ना? लॉग बघायचा." रात्री दोनला लॉग कोण बघणार, वॉचमन?

आता नवीन आवृत्ती येतेय आणि आमच्याकडून लेखी मागण्या मागवल्यात. 'एक्झिट कोड नीट द्या' एवढं लिहून भागणार नाही, नीट म्हणजे काय ते सांगावं लागेल. किती कोड मागू? कुठल्या आकड्याला काय अर्थ द्यायचा? काही ठरलेलं प्रमाण आहे का?

---

प्राची_ऐरोली

विषय आवडला. याच्यावर मराठीत कुणी बोलत नाही.

आधी पाया. प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो आणि ज्याने त्याला चालवलं तो हा आकडा वाचतो. युनिक्स-लिनक्सवर ० म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश. सी शिकून आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं, कारण तिथे शून्य म्हणजे खोटं. पण नीट जमण्याची तऱ्हा एकच असते आणि बिघडण्याच्या अनेक, म्हणून बिघाडाला जास्त आकडे ठेवलेत.

स्क्रीनवर छापलेला मजकूर माणसासाठी असतो, कोड पुढच्या प्रोग्रॅमसाठी. तुमच्या व्हेंडरने पहिलं केलं, दुसरं केलं नाही. आणि तो मजकूरही स्टँडर्ड एररवर जायला हवा, स्टँडर्ड आउटपुटवर नाही, नाहीतर पाइपने जोडलेला पुढचा प्रोग्रॅम 'कनेक्शन मिळालं नाही' हीच एक ओळ डेटा समजून गिळतो.

'किती कोड' याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे ग्रेप, फाइलीत मजकूर शोधणारी कमांड. ओळ सापडली तर ०, सापडली नाही तर १, आणि फाइलच उघडता आली नाही वगैरे खरी गडबड असेल तर २. डिफचंही तसंच. सारख्या फाइली ०, वेगळ्या १, भानगड २. 'उत्तर नाही असं आहे' आणि 'उत्तर शोधताच आलं नाही' या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. तुमच्या लोडरला हीच फोड हवी आहे.

---

कळवा_फास्ट

कशाला एवढं? ० आणि १. झालं काम. बाकी माहिती लॉगमध्ये. आम्ही रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं असंच चालवतोय. शून्य नसलं की तिकीट उघडतं, माणूस बघतो. वीस कोडांचा तक्ता केला तर तो कोण पाठ करणार? आणि एकदा आकडा जाहीर केला की बदलता येत नाही, कुणाची तरी स्क्रिप्ट त्याच्यावर टांगलेली असते.

---

घणसोलीकर

@कळवा_फास्ट, पण मग प्रत्येक वेळी माणूसच उठवायचा? डेटाबेस दोन मिनिटं रीस्टार्ट होत असेल तर थांबून पुन्हा चालवलं की भागतं. फाइलच फाटकी आली असेल तर शंभरदा चालवूनही उपयोग नाही. दोन्हीला १ दिला तर स्क्रिप्टने काय ओळखायचं?

---

कळवा_फास्ट

दोन्ही वेळा तीनदा चालवा. फाटकी असेल तर तिन्हीदा पडेल. हाकानाका.

---

वागळे_इस्टेट

तरुण मंडळी भांडतायत ते बघून बरं वाटलं. आमची उमेदवारी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात झाली, म्हणून हे नाव.

घणसोलीकर, तुमचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं एक जुनं उत्तर बीएसडी युनिक्समध्ये आहे. सिस-एक्झिट्स नावाची हेडर फाइल. त्यात ६४ ते ७८ असे कोड ठरवून दिलेत. ६४ म्हणजे कमांड चुकीची दिली, ६५ म्हणजे दिलेला डेटाच वाईट, ६६ इनपुट फाइल नाही, ७० प्रोग्रॅमच्याच पोटातली गडबड, ७३ आउटपुट फाइल बनवता आली नाही, ७४ वाचता-लिहिताना घोळ, ७७ परवानगी नाही, ७८ कॉन्फिगरेशन चुकलंय.

आणि यातला राजा म्हणजे ७५. अर्थ एवढाच की आत्ता जमलं नाही, नंतर पुन्हा बघा. ही पद्धत मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या गरजेतून आली, एरिक ऑलमनच्या सेंडमेलच्या घराण्यातली. मेल पोचवणाऱ्या मदतनिसाने ७५ दिला की सेंडमेल ते पत्र रांगेत ठेवतो आणि नंतर परत प्रयत्न करतो. 'असा माणूसच इथे नाही' असा कोड आला तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत.

कुरियरवाल्याचं बघा. 'दार बंद होतं' म्हणाला तर पार्सल उद्या परत निघतं, 'पत्ताच चुकीचा' म्हणाला तर पाठवणाऱ्याकडे. नुसतं 'दिलं नाही' सांगून आला तर ऑफिसातल्या माणसाने करायचं काय?

म्हणून कळवा_फास्ट यांना सांगतो, कोड किती हे प्रोग्रॅमच्या आत किती प्रकारे बिघडू शकतं यावरून ठरवायचं नाही. चालवणारा किती वेगवेगळ्या गोष्टी करू शकतो यावरून ठरवायचं. तुमच्याकडे चालवणारा एकच गोष्ट करतो, तिकीट उघडतो. तिथे ० आणि १ पुरे, तुमचं चूक नाही. घणसोलीकरांची स्क्रिप्ट निदान तीन गोष्टी करणार. पुढे जाणार, थांबून परत करणार, किंवा हात वर करून माणसाला बोलावणार.

---

कळवा_फास्ट

काका, हे पटलं. 'चालवणारा काय करणार' हा निकष लावला तर तक्ता आपोआप छोटा राहतो. वेबवरून फाइली ओढणाऱ्या कर्लसारखी कोडांची जत्रा नको होती एवढंच म्हणणं.

---

प्राची_ऐरोली

कर्लची जत्रा कामाची असते हो. ६ म्हणजे होस्टचं नाव सापडलं नाही, ७ कनेक्ट होता आलं नाही, २८ टाइमआउट. पण सवयीने फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी कर्ल शून्यच देतो! त्याच्या मते सर्व्हरकडून उत्तर आणायचं होतं, ते आणलं. 'फेल' हा पर्याय लावला तर मग २२ मिळतो. घणसोलीकर, यार्डांच्या फाइली तुम्ही कर्लने एचटीटीपीवरून ओढत असाल तर आधी हे तपासा. एरर पेजचं एचटीएमएल सीएसव्ही म्हणून लोड झालेलं मी एका ठिकाणी पाहिलंय.

---

खिडकीवाला

विंडोजवाल्यांनाही जरा जागा द्या.

आमच्याकडे फाइली कॉपी करणारं रोबोकॉपी नावाचं रत्न आहे. त्यात ० म्हणजे काहीच कॉपी करावं लागलं नाही आणि १ म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या. २ म्हणजे पलीकडे जास्तीच्या फाइली आहेत. हे आकडे बेरजेत येतात, ३ म्हणजे १ आणि २ दोन्ही. खरं अपयश ८ आणि त्याच्या वर. त्यामुळे नव्या माणसाने बिल्ड सर्व्हरवर रोबोकॉपी लावली की काम नीट झाल्यावर लाल दिवा लागतो आणि काहीच न झाल्यावर हिरवा.

दुसरी गंमत. बॅच फाइलमध्ये 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ 'कोड १ असेल तर' असा नाही, 'कोड १ किंवा जास्त असेल तर' असा आहे. आणि विंडोजवर कोड ३२ बिटांचा. प्रोग्रॅम मेमरीच्या चुकीने क्रॅश झाला की बॅच फाइलला आकडा ऋण दिसतो, उणे १०७३७४१८१९. तो १ पेक्षा लहान, म्हणजे तुमची तपासणी म्हणणार सगळं आलबेल. म्हणून शून्याशी थेट तुलना करायची.

---

वागळे_इस्टेट

रच्याकने, व्हीएमएस नावाच्या प्रणालीत विषम आकडा म्हणजे यश आणि सम म्हणजे अपयश असायचं. तिथून युनिक्सवर आलेला माणूस काही काळ फारच दुःखी असे.

---

घणसोलीकर

सगळ्यांना धन्यवाद. व्हेंडरशी आज बोलणं झालं. त्यांचा डेव्हलपर म्हणाला, कोड आम्ही सुधारतोच आहोत, आता जितक्या ओळी नाकारल्या जातील तितका आकडा परत देऊ. शून्य नाकारल्या तर ०, सतरा नाकारल्या तर १७. मला ऐकायला बरं वाटलं. आकडाही कळला, यश-अपयशही कळलं. चालेल ना?

---

प्राची_ऐरोली

नाही नाही नाही.

---

कळवा_फास्ट

२५६ ओळी नाकारल्या तर?

---

घणसोलीकर

तर २५६ येईल ना?

---

कळवा_फास्ट

शून्य येईल. लिनक्सवर चालवणाऱ्या शेलपर्यंत एक्झिट कोडचे फक्त खालचे ८ बिट पोचतात, म्हणजे ० ते २५५. २५६ चा होतो ०, २५७ चा १, ५१२ चा परत ०. उणे १ दिलात तर २५५ दिसतो. यार्डाने कॉलमचा क्रम बदलून पाठवला आणि नेमक्या २५६ ओळी पडल्या तर 'सगळं उत्तम'. आता ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने टंकतोय, घरी गेल्यावर सविस्तर लिहितो.

---

प्राची_ऐरोली

शिवाय १२६ आणि पुढचे आकडे शेल स्वतःसाठी वापरतं. १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवता येत नाही, १२७ म्हणजे अशी कमांडच नाही. १२८ च्या पुढे सिग्नल. कंट्रोल-सी दाबून मारलं तर १२८ अधिक २, म्हणजे १३०. किल -९ ने गेला तर १३७, साध्या टर्म सिग्नलने गेला तर १४३, सेगमेंटेशन फॉल्ट १३९. कंटेनरात चालणारा प्रोग्रॅम मेमरी संपली म्हणून कर्नलने मारला की हाच १३७ दिसतो.

आता १२७ ओळी नाकारल्या तर तुम्ही लोडर कुठे हरवला ते शोधत बसणार, आणि १३७ नाकारल्या तर रॅम वाढवायला परचेसला मेल जाणार :)

संख्या सांगायची तर ती छापावी, किंवा वेगळ्या फाइलीत लिहावी. कोडमध्ये फक्त प्रकार.

---

घणसोलीकर

बाप रे. उद्या सकाळीच फोन करतो.

आणखी एक. लोडरच्या वर एक शेल स्क्रिप्ट आहे, तीही त्यांचीच. ती अशी आहे:

लोडर -फाइल आजची.सीएसव्ही
इको "लोडिंग संपलं"

क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा) ही स्क्रिप्ट चालवतो. यात काही खोट आहे का?

---

खिडकीवाला

मी विंडोजवाला असूनही मला दिसली. स्क्रिप्टचा कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. शेवटची कमांड इको. इको कशाला पडतोय!

---

वागळे_इस्टेट

बरोबर. लोडर चालल्यावर लगेच डॉलर-प्रश्नचिन्ह (मागच्या कमांडचा कोड) एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचं, मग काय ते छापायचं, आणि शेवटी तोच आकडा घेऊन बाहेर पडायचं. मध्ये एक इको आला तरी डॉलर-प्रश्नचिन्ह पुसलं जातं.

क्रॉनचंही एक सांगून ठेवतो. क्रॉन एक्झिट कोड बघून मेल पाठवत नाही. प्रोग्रॅमने काही छापलं तर ते मेल करतो, एवढंच. म्हणजे कोड ७५ असो की ०, छापलं नाही तर क्रॉन गप्प. त्यात लोक सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकलतात, मग तर आनंदच. लोडरने यशाच्या वेळी गप्प राहावं आणि बिघाडाच्या वेळी बोलावं, हा जुना रिवाज त्यासाठीच बरा.

---

कळवा_फास्ट

घरी पोचलो. आता सविस्तर.

त्या स्क्रिप्टमध्ये कुठे पाइप आहे का? असला तर आणखी एक खड्डा. 'मायएसक्यूएल-डम्प | जीझिप' घ्या. पाइपलाइनचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. डम्प पासवर्ड चुकला म्हणून पहिल्याच क्षणी पडला, जीझिपने रिकामा प्रवाह इमानदारीने दाबला आणि ० दिला. बॅकअप यशस्वी! फाइल किती मोठी? २० बाइट. रिकाम्या प्रवाहाची जीझिप तेवढीच होते. बॅकअप फोल्डरमध्ये २० बाइटच्या फाइलींची रांग दिसली तर समजून जा.

उपाय, स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल'. मग साखळीतला कुणीही पडला की शून्य नसलेला कोड मिळतो. बॅशमध्ये पूर्वीपासून आहे, पॉझिक्स प्रमाणात २०२४ च्या आवृत्तीत आला. पण क्रॉन मुळात एसएच वापरतो, जुन्या उबंटूवरच्या एसएचला पाइपफेल कळत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहा.

उलटा त्रासही होतो. पाइपफेल लावून 'कमांड | हेड' केलंत तर हेड दहा ओळी घेऊन निघून जातो, मागचा बिचारा तुटक्या पाइपमध्ये लिहायला जातो आणि सिग्नल १३ ने मरतो. कोड १४१. काहीही बिघडलेलं नसतं.

---

प्राची_ऐरोली

आणि 'सेट -ई'वर (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: फंक्शनमध्ये 'लोकल ओळी=...' असं लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर घेतलंत तर त्या कमांडचा कोड गेला. लोकल ही स्वतःच एक कमांड आहे आणि ती यशस्वी झाली. एक्सपोर्टचंही तेच. आधी व्हेरिएबल जाहीर करा, पुढच्या ओळीत उत्तर भरा. इफच्या अटीत किंवा 'अँड-अँड'च्या डावीकडे असलेल्या कमांडीलाही सेट -ई हात लावत नाही, ते मुद्दाम तसंच आहे.

---

बेलापूर_किल्ला

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा एक प्रश्न, चार हजार ओळींच्या फाइलीत तीन ओळी खराब असतील तर ते यश की अपयश? आमच्याकडे याच्यावरून मीटिंगा झाल्यात.

---

वागळे_इस्टेट

हा खरा प्रश्न. याला तंत्राचं उत्तर नाही, धंद्याचं आहे. बँकेची फाइल असेल तर एक ओळ वाईट म्हणजे सगळी फाइल परत, डेटाबेसचा व्यवहार मागे घ्या. कंटेनरच्या हालचालींत तीन ओळींसाठी ३९९७ अडकवून ठेवल्या तर गाड्या उभ्या राहतील. म्हणजे इथे अर्धं यश हा वेगळा प्रकार मानावाच लागतो.

आर-सिंककडे बघा. फाइली पाठवताना चुकीमुळे काही राहिल्या तर २३. पण मध्येच कुणी मूळ फाइल डिलीट केली म्हणून राहिली तर २४. चालू सर्व्हरचा बॅकअप घेताना तात्पुरत्या फाइली येत-जात असतात, म्हणून बरेच लोक २४ सोडून देतात आणि २३ ला थांबतात. दोन्हीला एकच कोड असता तर एकतर रोज खोटी बोंब, नाहीतर खऱ्या बोंबेकडे दुर्लक्ष.

मात्र अर्ध्या यशाला कधीही ० देऊ नये. ज्याला चालतं तो स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहील की हा कोड मला चालतो. लिनक्सवर सेवा चालवणारं सिस्टिम-डी वापरत असाल तर त्यात 'सक्सेस-एक्झिट-स्टेटस' म्हणून सोयच आहे. आणि नाकारलेल्या ओळी एका फाइलीत उतरवाव्यात, कारणासकट. ती फाइल लिहिताना डिस्क भरली तर? तोही बिघाडच. कित्येक प्रोग्रॅम लिहितात आणि लिहिलं गेलं का ते बघतच नाहीत. लिनक्सवर डेव्ह-फुल नावाचं एक उपकरण आहे, त्यात काहीही लिहिलं की 'जागा संपली' असं उत्तर मिळतं. व्हेंडरला सांगा, नाकारलेल्या ओळी तिकडे वळवून दाखवा आणि कोड काय येतो ते बघू. दोन मिनिटांची परीक्षा आहे.

---

बेलापूर_किल्ला

काका __/\__ . आणि रविवारी फाइलच रिकामी आली तर?

---

प्राची_ऐरोली

रिकामी आणि अजिबात न आलेली, हे दोन वेगळे. फाइल आली, वर शीर्षकाची ओळ आहे, खाली काही नाही, म्हणजे यार्डात हालचाल नव्हती. माझ्या मते ०. फाइलच नाही म्हणजे कुणीतरी पाठवायला विसरलं, तो बिघाड. पण सावधगिरीच्या बाजूने झुकणारेही आहेत. पायथनच्या चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टला एकही चाचणी सापडली नाही तर तो ० देत नाही, ५ देतो. चाचण्याच चालल्या नाहीत आणि सगळं हिरवं, हे त्यांना नको होतं.

---

घणसोलीकर

एक नवी माहिती. लोडर जावात आहे. परवाच्या लॉगमध्ये एररच्या वर असं लिहिलंय: एक्सेप्शन इन थ्रेड "पूल-१-थ्रेड-३". याचा काही संबंध?

---

कळवा_फास्ट

सापडला की चोर!

मेन थ्रेडमधून (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली कामाची वेगळी धार) एक्सेप्शन कुणी न पकडता बाहेर पडलं तर जावा १ देतं. पण इथे काम पूलमधल्या थ्रेड ३ मध्ये चाललं होतं. तो थ्रेड मेला, मरताना ओरडला, ते लॉगमध्ये आलं. मेन थ्रेडला पत्ता नाही. तो आपला शेवटपर्यंत शांतपणे गेला आणि जावाने ० दिला. म्हणजे व्हेंडरने ० मुद्दाम दिलेला नाही, कुणी कोडचा विचारच केलेला नाही.

त्यांना म्हणावं, प्रत्येक कामाचं फ्युचर (निकालाची पावती) धरून ठेवा, मेनमध्ये त्याच्यावर गेट करा, म्हणजे आतलं एक्सेप्शन मेनच्या हातात येतं. आणि सिस्टिम-एक्झिट एकाच ठिकाणी, मेनच्या शेवटी. आत दहा ठिकाणी विखुरलेला नको. तो बोलावला की फायनलीचे ब्लॉकही चालत नाहीत, तिथली आवराआवर राहून जाते.

---

घणसोलीकर

दंडवत. हा कच्चा मसुदा, शेवटचा हात फिरवा:

सगळं आत गेलं, किंवा शीर्षकासह रिकामी फाइल आली, तर ०. काही ओळी नाकारल्या पण बाकीच्या गेल्या तर १. फाइलच फाटकी किंवा कॉलम चुकीचे, एकही ओळ आत नाही, तर ६५. फाइल नाही तर ६६. डेटाबेस मिळाला नाही किंवा कनेक्शन मध्ये तुटलं तर सगळं मागे घेऊन ७५. कॉन्फिगरेशन चुकलं तर ७८.

७५ ला आमची स्क्रिप्ट थांबत थांबत परत चालवेल. १ ला पुढे जाईल पण नाकारलेल्या ओळी यार्डाला मेल करेल. बाकी सगळ्याला फाइली हलवणार नाही आणि माणसाला फोन.

---

प्राची_ऐरोली

छान आहे. फक्त १ काढा. आत्ताच कळवा_फास्ट म्हणाले, न पकडलेलं एक्सेप्शन मेनमधून निसटलं की जावा स्वतः १ देतं. पायथनही तेच करतं. म्हणजे उद्या लोडर सुरू होतानाच कोसळला तरी तुमची स्क्रिप्ट म्हणेल 'काही ओळी नाकारल्या, पुढे चला'. अर्ध्या यशाला १० द्या. १ म्हणजे 'काय झालं कळत नाही', सरळ माणसाला फोन. २ पण सोडून ठेवा, चुकीचे पर्याय दिले की बरेच प्रोग्रॅम २ देतात. तुमच्या मसुद्यात त्याला ६४ घाला.

---

कळवा_फास्ट

आणि स्क्रिप्टमध्ये अनोळखी कोडाला नेहमी अपयशच धरा. केसमध्ये शेवटचा 'तारा' घालून तिथून थेट फोन. व्हेंडर उद्या न सांगता नवीन कोड आणेल, आणणारच. लोडर 'टाइमआउट' कमांडमधून चालवत असाल तर वेळ संपल्यावर १२४ येतो, तोही धरून ठेवा.

---

बेलापूर_किल्ला

लोडर त्याच मशीनवर चालतो ना? एसएसएचने दुसरीकडे चालवत असाल तर एसएसएच तिकडच्या कमांडचा कोड जसाच्या तसा आणून देतो, पण स्वतःच अडखळला तर २५५ देतो.

---

घणसोलीकर

दुसऱ्याच मशीनवर चालतो, एसएसएचनेच. मग २५५ ला ७५ सारखंच वागवू का? थांबायचं आणि परत?

---

वागळे_इस्टेट

नको. ७५ मध्ये लोडरने स्वतः सांगितलंय की मी सगळं मागे घेतलं. २५५ मध्ये लोडर काहीच बोललेला नाही, नुसती लाइन तुटलीय. कदाचित तो सुरूच झाला नसेल, कदाचित अर्ध्यावर असेल, कदाचित सगळं भरून ० देऊन मोकळा झाला असेल आणि तो ० तुमच्यापर्यंत पोचला नसेल. आंधळेपणाने परत चालवलंत तर एकच कंटेनर दोनदा आत आलेला दिसेल.

व्हेंडरकडून आणखी एक कलम लिहून घ्या. तीच फाइल दुसऱ्यांदा दिली तर लोडरने ती ओळखावी, काहीही न भरता ० द्यावा आणि 'आधीच भरलेली' असं छापावं. पहिली धाव अजून चालू असेल तर ७५ द्यावा. एवढं मिळालं की २५५ लाही बिनधास्त परत चालवा.

---

घणसोलीकर

ओळखायची कशावरून? नावावरून जमणार नाही, एक यार्ड रोज एकाच नावाने फाइल पाठवतं.

---

प्राची_ऐरोली

मजकुराच्या शा-२५६ हॅशवरून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशावरून. डेटाबेसच्या एका टेबलात तो हॅश आणि त्यावर युनिक बंधन. ज्या व्यवहारात ओळी भरतात त्याच व्यवहारात हॅशही घालायचा, म्हणजे ओळी मागे गेल्या की हॅशही मागे जातो. रिकाम्या फाइली मात्र यातून वगळा, दोन रविवारांच्या रिकाम्या फाइलींचा हॅश एकच येणार.

---

घणसोलीकर

हो, हे घालतो. मसुदा उद्या पाठवतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन.